नाव-गाव न विचारता

पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा संपतो आणि आदिलाबाद सुरू होतो. भाषा मात्र नदीपाशी थांबत नाही. बेला, जैनथ, तामसी या भागांत आजही घरात मराठी बोलली जाते, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तर किनवट आणि राजुरा हे तालुकेही याच जिल्ह्यात होते. इथल्या भजनी मंडळात पेटी-तबल्यावर हात बसलेली एखादी मुलगी संगीतावरच पोट भरायचे ठरवते, तेव्हा तिला सर्वांत आधी ऑडिशन द्यावी लागते. आदिलाबादला आकाशवाणीचे केंद्र १२ ऑक्टोबर १९८६ रोजी सुरू झाले. तेलुगूबरोबर गोंडीसारख्या भाषांनाही त्याने आवाज दिला. पण माइकसमोर कोणाला बसवायचे, ही चाळणी देशभर आहे तीच इथेही आहे.

आदिलाबादच्या विद्यार्थ्यासमोर एक प्रश्न मात्र पुण्या-नागपूरच्या विद्यार्थ्याआधी उभा राहतो. आकाशवाणीत शास्त्रीय संगीताची परीक्षा हिंदुस्तानी आणि कर्नाटक अशा दोन स्वतंत्र पद्धतींनी होते. या शहरात एका घरातून अभंग ऐकू येतो आणि शेजारच्या घरातून त्यागराजांची कीर्तने. दोन्ही कानांवर पडत वाढलेल्या मुलाला अर्ज भरतानाच त्यातली एक बाजू धरावी लागते. माझ्या मते या मुलाचा कान ही त्याची श्रीमंती आहे, पण तिच्यासाठी अर्जात रकाना नाही.

ही चाळणी उभी करणारी दोन्ही माणसे मराठी होती. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. चित्रपटगीतांना आकाशवाणीची दारे बंद करणारे मंत्री म्हणून लोक त्यांना ओळखतात. पण त्यांचे अधिक टिकाऊ काम म्हणजे कलाकारांची श्रेणी ठरवणारी ऑडिशन. परीक्षक मंडळाची धुरा त्यांनी श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे दिली. रातंजनकर संगीतशास्त्रकार भातखंड्यांचे शिष्य, आग्रा घराण्याच्या फैयाज खाँसाहेबांचे गंडाबंद शागीर्द आणि लखनौच्या मॉरिस कॉलेजचे प्राचार्य. म्हणजे शास्त्र आणि घराणे या दोन्ही काठांवर पाय असलेला माणूस.

त्याआधी काय होते, हेही लक्षात ठेवायला हवे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, सरदार पटेल हे खाते सांभाळत असताना, ज्यांचे खाजगी आयुष्य लोकापवादाचा विषय आहे अशा गायिकांना रेडिओवर बंदी घातली गेली होती. गळा कसा आहे, याआधी बाई कोणत्या घरातली, हे पाहिले जात होते. त्या पार्श्वभूमीवर परीक्षक आणि कलाकार यांच्यामध्ये पडदा आला, ही लहान गोष्ट नव्हती. कोण गातो आहे हे दिसणार नाही, फक्त ऐकू येईल. पुढे ध्वनिमुद्रणे दिल्लीच्या मंडळाकडे नावाऐवजी सांकेतिक क्रमांकाने जाऊ लागली, तीही याच विचारातून. बी, बी-हाय, ए आणि टॉप या श्रेण्या आजही चालू आहेत.

तरीही कलाकार खवळले. पडद्यामागचे गाणे झाले की तोंडी प्रश्न विचारले जात: रागाचा थाट कोणता, वादी-संवादी कोणते, जवळच्या रागापासून तो वेगळा कुठे होतो. ज्यांनी आयुष्यभर उस्तादांपुढे बसून विद्या मिळवली, पण पुस्तक कधी उघडले नाही, त्यांना हा अपमान वाटला. विरोध इतका वाढला की नामवंतांना या परीक्षेतून सूट द्यावी लागली. मला दोन्ही बाजू कळतात. आंधळा कान न्यायाचा असतो, हे केसकरांना अचूक कळले होते. पण गळ्यात उतरलेला राग आणि शब्दांत मांडता येणारा राग हे एकच ज्ञान मानले, तिथे जुन्या पिढीवर अन्याय झाला.

आणि पेटी? ती तर दाराबाहेरच होती. १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. बांधलेल्या सुरांत श्रुती आणि मींड बसत नाहीत, हे कारण. केसकरांच्या काळातही ती कायम राहिली, आणि १९७१ मध्ये अंशतः उठली. गोविंदराव टेंब्यांचे वाद्य, वारकऱ्यांच्या प्रत्येक भजनी मंडळाचा आधार, आणि तीन दशके त्याच्या वादकाला आकाशवाणीवर वाजवण्याचाच अधिकार नव्हता. पडदा कोण वाजवतो ते झाकतो. काय वाजवले तर चालेल, हे त्याच्या पलीकडे आधीच ठरलेले असते. ऑडिशनची सगळी चर्चा मला या एका जागी येऊन थांबताना दिसते.

केसकर मंत्री झाले त्याच १९५२ साली अमेरिकेत बोस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राने ऑडिशनसाठी पडदा लावला. पुढे १९७० आणि ८० च्या दशकांत इतर वाद्यवृंदांनी तो स्वीकारला. काही ठिकाणी रंगमंचावर गालिचाही अंथरला गेला, कारण टाचांच्या आवाजावरून बाई आली हे ओळखू येई. अमेरिकेतल्या पाच आघाडीच्या वाद्यवृंदांत १९७० मध्ये स्त्रिया पाच टक्क्यांहूनही कमी होत्या, १९९७ पर्यंत त्या पंचवीस टक्क्यांवर गेल्या. क्लॉडिया गोल्डिन आणि सिसिलिया राउझ या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली या बदलाचा एक भाग पडद्याच्या पदरात टाकला. तो नेमका किती, यावर पुढे संख्याशास्त्रज्ञांनी वाद घातला.

म्युनिकची गोष्ट याहून बोलकी आहे. १९८० मध्ये म्युनिक फिलहार्मोनिकच्या ट्रॉम्बोन वादकाच्या जागेसाठी ॲबी कोनंट यांना आलेल्या निमंत्रणपत्रात त्यांना ‘हेर’, म्हणजे ‘श्रीयुत’, म्हटले होते. पडद्याआडून त्यांनी फर्डिनांड डेव्हिडची रचना वाजवली आणि निवड झाली. पडदा सरल्यावर बाई दिसली. पुढे संचालक सर्जियू चेलिबिडाके यांनी त्यांना पहिल्या खुर्चीवरून खाली आणले, आणि पद व पगार मिळवण्यासाठी त्यांना १९९३ पर्यंत न्यायालयात लढावे लागले. न्यूयॉर्कमध्ये १९६९ साली आर्ट डेव्हिस आणि अर्ल मॅडिसन या दोन कृष्णवर्णीय वादकांनी वर्णभेदाची तक्रार केली. मानवी हक्क आयोगाने न्यूयॉर्क फिलहार्मोनिकला दोषी धरले ते बदली वादकांच्या नेमणुकीत. तिथे ऑडिशन नव्हती, ओळखीपाळखीवर माणसे बोलावली जात.

आता तयारीकडे. आदिलाबादच्या विद्यार्थ्यांना मला सर्वांत जास्त हेच सांगावेसे वाटते.

पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या ऑडिशनमध्ये पूर्ण रचना क्वचितच ऐकतात. मोझार्टच्या एखाद्या कॉन्चेर्टोचा पहिला भाग आणि मग सिम्फनींतले निवडक तुकडे. व्हायोलिनवाल्याला रिचर्ड स्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’चे पहिले पान, डबल बासवाल्याला बेथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीच्या तिसऱ्या भागातला धावता तुकडा, बासरीवाल्याला देब्युसीच्या ‘प्रिल्यूड टू द आफ्टरनून ऑफ अ फॉन’ची साथीविना सुरुवात. लहान ड्रमवाल्याला बहुधा राव्हेलचे ‘बोलेरो’: एकच ठेका, सुरुवातीला ऐकू येईल न येईल इतका हळू, आणि पुढे १६९ वेळा तोच. तबलजींना यातली अवघड जागा लगेच कळेल. कायदे-रेले वाजवणारे पुष्कळ असतात, विलंबित लयीत नुसता ठेका हलू न देता धरणारा थोडा. परीक्षकाला हवा असतो तो दुसरा. या तुकड्यांतून उमेदवाराची चमक मोजायची नसते, शेजारी नव्वद माणसे वाजवत असताना हा माणूस लय, सूर आणि आवाजाची पातळी सांभाळेल का, हे पाहायचे असते. म्हणून चांगला उमेदवार आपला तुकडा पाठ करून थांबत नाही. त्या क्षणी चेलो काय वाजवतो आहे, हॉर्न कुठे शिरतो, हे सगळे त्याला माहीत असते, आणि एकटा वाजवतानाही ते त्याच्या वाजवण्यात ऐकू येते.

आकाशवाणीची परीक्षा वेगळी, पण अडचण तीच. मैफिलीत बसलेल्याला समोरची मान हलताना दिसते. स्टुडिओत भिंती आवाज पिऊन टाकतात, दाद नसते, आणि राग काही मिनिटांत उभा करायचा असतो. ज्याने कायम तासाभराचाच राग गायला, त्याची आलापी सुरू होईपर्यंत वेळ संपते. यासाठी घरातल्या लहान खोलीत, तबला आणि तानपुऱ्याशिवाय कोणी नसताना, घड्याळ लावून गाणे ध्वनिमुद्रित करावे. दुसऱ्या दिवशी ते परके म्हणून ऐकावे. षड्ज उतरतो कुठे, श्वास कुठे ऐकू येतो, घाबरल्यावर लय किती चढते, हे त्यात उघडे पडते. छाती धडधडली की लय चढतेच, म्हणून सुरुवातीची लय मनात ठरवलेलीच हवी. राग निवडताना ज्यात सर्वांना आपण आवडतो तो नको, ताप असतानाही ज्याचे स्वर जागेवर पडतात तो हवा. आणि ओळखीच्या माणसांपुढे, नंतर अनोळखी माणसांपुढे, खोट्या ऑडिशन द्याव्यात. पहिली चूक झाल्यावर पुढचे वाक्य कसे उचलायचे, ही सवय फक्त तिथेच लागते.

जागा फार कमी आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. आकाशवाणीचा राष्ट्रीय वाद्यवृंद १९५२ मध्ये रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला, पुढे पन्नालाल घोष यांनीही त्याचे संचालन केले. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राची सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये स्थापन झाली आणि तिच्यात कझाकस्तानातून आलेल्या वादकांची संख्या मोठी राहिली. त्या खुर्च्या भारतीय मुलांनी मिळवायच्या तर लहानपणापासून स्वरलिपी वाचण्याची सवय हवी, चांगले वाद्य हवे, शिक्षक हवा. मुंबईत हे निदान शोधता तरी येते. आदिलाबादच्या मुलाला बहुतेक सगळ्यासाठी हैदराबाद किंवा नागपूरची गाडी पकडावी लागते. पडदा त्याचा पत्ता झाकतो, पण त्याच्या पाठीशी नसलेल्या दहा वर्षांच्या शिकवणीची भरपाई करत नाही.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या राजगोंड गावांत दंडारी हा नृत्याचा उत्सव दरवर्षी चालतो. मोरपिसांचा भला मोठा टोप चढवलेले गुसाडी नर्तक आणि ढोल, पेप्रे ही वाद्ये घेऊन एका गावचे पाहुणे दुसऱ्या गावी जातात. २०१६ पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या मारलवाईचे कनक राजू यांनी ही गुसाडी नृत्यकला आयुष्यभर शिकवली. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये ते गेले. त्यांची परीक्षा पडद्याआडून घेता आली नसती, कारण पाय, टोप, ढोल आणि पाहुणचार वेगळे काढले की उरलेल्या आवाजाला गुसाडी म्हणता येत नाही. आकाशवाणी लोकसंगीताचीही ऑडिशन घेते आणि घेत राहावी. पण गोंडी गाण्याची श्रेणी ठरवताना समितीत गोंडी जाणणारा, दंडारीत रात्र घालवलेला माणूस असावा, आणि शक्य तिथे परीक्षकांनीच गावात जाऊन ऐकावे. रातंजनकरांच्या मंडळाने उस्तादांना थाट विचारले होते. पेप्रे वाजवणाऱ्याला काय विचारायचे, हे आधी पेप्रे वाजवणाऱ्यांकडून शिकून घ्यावे लागेल.