नाणेसंग्रह

नाणेसंग्रह : नाणी खर्चण्यासाठी नव्हे, तर त्यांचा काळ, धातू, घडण, लेख आणि चिन्हे यांविषयीच्या जिज्ञासेने जमविण्याचा छंद. नाण्यांच्या आधारे इतिहास, अर्थव्यवहार व धातुविद्या यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला नाणकशास्त्र म्हणतात. नाणेसंग्रह हा या शास्त्राचा पूर्वज असून त्याच्या साधनसामग्रीचा फार मोठा भाग आजही संग्राहकांच्याच हातून येतो. संग्रह जेव्हा ठराविक व्याख्येनुसार पूर्ण करावयाचा ठरतो, तेव्हा त्यास संच म्हणतात; आणि असे संच पूर्णता, स्थिती व दुर्मिळता यांच्या कसोटीवर एकमेकांशी तुलनेला ठेवले जातात, तेव्हा ते स्पर्धात्मक संच होत.

यूरोपात प्रबोधनकाळी या छंदाला विद्वानांची व राजेरजवाड्यांची प्रतिष्ठा लाभली. इटालियन कवी पीत्रार्क (१३०४–७४) याने रोमन बादशहांची काही नाणी १३५४ मध्ये सम्राट चौथा चार्ल्स यास भेट दिली होती. भारतात या छंदाचे शास्त्रात रूपांतर घडविण्यात जेम्स प्रिन्सेप (१७९९–१८४०) याचा वाटा मोठा आहे. तो बनारस व कलकत्ता येथील टांकसाळींत धातूचा कस पाहणारा अधिकारी होता आणि इंडो-ग्रीक राजांच्या द्विभाषिक नाण्यांवरील ग्रीक लेखांच्या आधारे त्याने खरोष्ठी लिपीच्या वाचनास चालना दिली. न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९१० मध्ये अलाहाबाद येथे स्थापन झाली. महाराष्ट्रात नाशिकजवळील अंजनेरी येथे १९८० मध्ये नाणकशास्त्राच्या संशोधनाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिच्या स्थापनेमागे परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारखा जाणकार होता.

ढीग आणि संच यांत भेद आहे. डब्यात साठलेली पाचशे नाणी हा संग्रहाचा कच्चा माल होय. संचाला व्याख्या लागते : एका राजवटीच्या प्रत्येक प्रकाराचे एक नाणे (प्रकार-संच), एकाच नाण्याचे प्रत्येक वर्ष (वर्ष-संच), एकाच वर्षी निरनिराळ्या टांकसाळींत पाडलेले तेच नाणे (टांकसाळ-संच) इत्यादी. स्वतंत्र भारताच्या नाण्यांत वर्षाखालील बारीक खूण टांकसाळ सांगते. सामान्यतः मुंबईची खूण चौकट, हैदराबादची तारा, १९८८ मध्ये सुरू झालेल्या नोएडाची ठिपका, आणि कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. त्यामुळे नवशिक्याला खिशातील सुट्या पैशांतूनही टांकसाळ-संच सुरू करता येतो.

संचाची व्याख्या संग्राहकाने आपल्या भूमीतून काढली, तर ती अधिक फलदायी ठरते. हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर हे पूर्णा नदीवरील धरणाचे गाव उदाहरणादाखल घेता येईल. हा सर्व मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व तेथील व्यवहार हाली शिक्क्यात चाले. ‘हाली’ म्हणजे सध्याचा, चालू. ब्रिटिश हिंदुस्थानच्या यंत्रावर पाडलेल्या रुपयास लोक ‘कलदार’ म्हणत. हाली रुपयाचे वजन सु. ११·१८ ग्रॅ. व त्यात चांदीचे प्रमाण ८१·८ टक्के. कलदाराचे वजन ११·६६ ग्रॅ. व चांदी ९१·७ टक्के. शुद्ध चांदीचा हिशेब केला, तर सात हाली रुपये सहा कलदार रुपयांच्या जवळपास बरोबरीचे होतात आणि प्रचलित विनिमयदरही साधारण तोच होता. संस्थानाच्या विलीनीकरणानंतरही हाली नाणी काही वर्षे चालत राहिली. १९५९ मध्ये ती चलनातून गेली. मराठवाड्यातील जुन्या घरांत पेटीच्या तळाशी, देव्हाऱ्यात किंवा दागिन्यात ती अद्याप सापडतात, याचे कारण हेच.

या नाण्यांचा संच रचताना वाचावयास बरेच काही असते. १८५७ च्या उठावापर्यंत निजामाची नाणी दिल्लीच्या मोगल बादशहाच्या नावाने पडत. त्यानंतर ती आसफजाहच्या नावाने पडू लागली. नाण्यावर दिसणारा ९२ हा आकडा वर्ष नसून ‘मुहम्मद’ या नावाच्या अक्षरांची अबजद पद्धतीने केलेली बेरीज आहे (मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४). हा आकडा वर्ष समजून नाण्याचा काळ चुकविणारे नवशिके पुष्कळ आढळतात. मीर महबूब अली खान (कार. १८६९–१९११) याच्या काळात हि. स. १३२१ (इ. स. १९०३-०४) मध्ये चारमिनारचे चित्र असलेला रुपया निघाला. चारमिनारच्या कमानीत ‘मीम’ हे अक्षर आहे. ती महबूबची आद्याक्षर-खूण होय. मीर उस्मान अली खान (कार. १९११–४८) गादीवर आल्यावर तेथे ‘ऐन’ आले. त्याच्या प्रारंभीच्या काही नाण्यांवर हे ऐन लहान व नंतरच्या नाण्यांवर मोठे आहे, आणि संग्राहक हे दोन प्रकार वेगळे धरतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चांदी महागल्याने रुपयातील चांदी निम्म्यावर आणण्यात आली. ‘फरखुंदा बुनियाद’ म्हणजे शुभ पाया असलेले, असे हैदराबादचे बिरुद टांकसाळीच्या नावासोबत येते. एका बाजूस हिजरी वर्ष, दुसरीस राज्यारोहणाचे वर्ष. दोन्ही पडताळून पाहिल्याखेरीज नोंद करू नये. असा संच पूर्ण होण्यास चांदीच्या रुपयापासून ब्राँझच्या पैपर्यंत मजल मारावी लागते आणि अनुभव असा, की चांदीपेक्षा तांब्या-ब्राँझचे किरकोळ नाणे चांगल्या स्थितीत मिळणे अवघड असते. रुपये लोकांनी जपले, पै मात्र झिजेपर्यंत हातोहात फिरली. पश्चिम महाराष्ट्रात शिवराईच्या अनेक प्रकारांचा संच हे असेच काम आहे. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसरीस ‘छत्रपति’ एवढाच लेख, पण अक्षरांच्या वळणांचे व ठिपक्या-चिन्हांचे भेद इतके, की ते मोजणे संपत नाही.

स्पर्धेची प्रथा मुख्यतः अमेरिकेत रुजली. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशन (स्थापना १८९१) या संस्थेच्या प्रदर्शनांत परीक्षक गुण देतात आणि त्यांत नाण्याच्या स्थितीपेक्षा मांडणीत दिलेल्या माहितीला अधिक वजन असते. बॉल्टिमोरचे लुई एलियासबर्ग यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या त्या वेळी ज्ञात असलेल्या सर्व नाण्यांचा संच पूर्ण केला आणि पूर्णतेची ओढ किती दूर जाऊ शकते, याचे ते उदाहरण ठरले. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या सेंटांसाठी १ ते ७० ही श्रेणी सुचविली. ओळखण्यापुरतेच उरलेले नाणे १, निर्दोष नाणे ७०. हीच श्रेणी पुढे इतर नाण्यांना लावण्यात आली. १९८६-८७ पासून नाणे तपासून, श्रेणी ठरवून, ते पारदर्शक सीलबंद डबीत घालून देणाऱ्या व्यावसायिक संस्था अमेरिकेत पुढे आल्या. त्यांनीच पुढे संचांच्या नोंदवह्या उघडल्या : संग्राहक आपल्या डबीबंद नाण्यांचे क्रमांक नोंदवितो, प्रत्येक नाण्याला श्रेणी व दुर्मिळता यांनुसार गुण मिळतात आणि बेरजेवरून क्रम लागतो. ब्रिटिशकालीन भारतीय नाण्यांच्या व्यापारात या डब्या आता नित्याच्या झाल्या आहेत.

या पद्धतीचा लाभ नाकारता येत नाही. खोट्या नाण्यांना काही आळा बसला, जुन्या नाण्यांना घासूनपुसून चकाकविण्याची घातक सवय कमी झाली, आणि प्रकारांच्या याद्या अधिक काटेकोर झाल्या. परंतु नोंदवहीत फक्त एक आकडा स्पर्धेला उतरतो आणि हा आकडा नाण्याच्या पृष्ठभागाचा असतो, त्याच्या इतिहासाचा नव्हे. शिवाय अधिक श्रेणीच्या आशेने तेच नाणे पुनःपुन्हा पाठविले जाते. त्यामुळे अमुक श्रेणीची इतकी नाणी अस्तित्वात आहेत, असे सांगणारे आकडे फुगतात. दुर्मिळतेचे खरे गणित टांकसाळीच्या हिशेबात शोधावे लागते. पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. राजाच्या अंगावरील पदकमाळेतील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी तक्रार झाल्याने सु. ७ लाख नाणी वाटल्यानंतर उरलेली परत घेऊन वितळविण्यात आली व १९१२ पासून सुधारित ठसा वापरला गेला.

स्थितीची कसोटी सर्वत्र लावल्यास काय गमावले जाते, हे महाराष्ट्रातील दोन निधींवरून स्पष्ट होते. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची १३,२५० च्या वर चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी सु. ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. श्रेणीच्या भाषेत हे नाणे बिघडलेले. एका राजाचा चेहरा दुसऱ्याच्या चिन्हाखाली दडपला गेला आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र सातवाहनांनी क्षत्रपांचा पाडाव केला, याचा पुरावा हाच.

दुसरा निधी सिद्धेश्वरच्या शेजारच्या मुलखातील. आजच्या वाशिम जिल्ह्यातील (तत्कालीन अकोला जिल्हा) तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहनांची दीड हजारांवर पोटीन नाणी मिळाली. पोटीन म्हणजे तांबे, शिसे व कथिल यांचे मिश्रण. नाणी लहान, काळपट, बाजारात कोणी वळूनही पाहू नये अशी. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व लेख, दुसरीस चार वर्तुळांचे उज्जयिनी चिन्ह. अशा नाण्यांवर ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्याने पूर्ण लेख एकाच नाण्यावर क्वचितच उमटतो. एकावर नावाचा आरंभ, दुसऱ्यावर मध्य, तिसऱ्यावर शेवट. वा. वि. मिराशी यांनी या निधीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी व शक सातकर्णी यांसारखी पुराणांतील वंशावळींत नसलेली राजनामे पुढे आली. असा निधी प्रकार-संचाच्या दृष्टीने चाळला असता, तर प्रत्येक राजाचे एकेक बरे नाणे ठेवून बाकीची ‘दुबार’ म्हणून विकली गेली असती आणि लेखाचे उरलेले तुकडे त्यांबरोबर गेले असते. संचाला जे दुबार वाटते, तेच अभ्यासकाला हवे असते. कोणत्या राजाची किती नाणी एकत्र पुरली गेली, हे प्रमाणही निधी फुटताच कायमचे नाहीसे होते.

झिजलेल्या नाण्याविषयीही हेच. मराठवाड्यातील बंजारा स्त्रियांच्या पोशाखावर व दागिन्यांत टाचलेले रुपये भोक पाडलेले किंवा कडी डाखलेले असतात. श्रेणी देणारी संस्था त्यांना आकडा देण्याचे टाळते; पण चलनातून गेल्यावर रुपयाचे पुढे काय झाले, ते सांगणारे हेच नाणे होय. कडी तोडून व झाळ घासून ते ‘पूर्ववत’ करू पाहणारा दागिनाही घालवितो आणि नाणेही. उत्तम संग्राहक म्हणूनच दोन कप्पे ठेवतो : एक स्पर्धेसाठी, दुसरा अशा नाण्यांसाठी. दुसऱ्या कप्प्यातील प्रत्येक नाण्यासोबत ते कोठे, केव्हा व कशासोबत मिळाले, याची चिठ्ठी असावी. ही चिठ्ठी हरवली, तर नाण्याचे निम्मे मोल गेले असे समजण्यास हरकत नाही.

जमिनीत मिळालेल्या नाण्यांबाबत १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे शोधणाऱ्यावर बंधनकारक आहे. नांगरताना, विहीर खणताना किंवा जुना वाडा पाडताना मिळालेला गाडगाभर ऐवज भीतीने अथवा लोभाने सोनाराच्या मुशीत जातो, हे या विषयातील सर्वांत मोठे नुकसान होय. १९७२ च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांपूर्वीचे नाणे पुरावस्तूच्या व्याख्येत येते व ते खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. चारमिनारचे पहिले रुपये आता या मर्यादेत आले आहेत. परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांनी आजीच्या पेटीतील नाणी सोबत नेताना हे ध्यानी ठेवावे.

जतनासाठी नाण्याला कडेने धरणे, चिंच, रिठे वा राख यांनी न घासणे, आणि मऊ पीव्हीसीच्या पिशव्या टाळणे एवढे पथ्य पुरते. या पिशव्यांतून कालांतराने निघणारे द्रव्य तांब्यावर हिरवा चिकट थर आणते. दमट हवेत तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसू लागली, तर ते इतरांपासून त्वरित वेगळे करावे.

फसवणुकीचे दोन प्रकार विशेष आढळतात. रामदरबाराचे चित्र व १८१८ हे वर्ष असलेली ईस्ट इंडिया कंपनीची तथाकथित नाणी कंपनीने कधीच पाडली नव्हती. ती पुढील काळातील बनावट पदके होत. तसेच चलनातील साध्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, असे सांगून आधी शुल्क वा कर मागणाऱ्या जाहिराती येतात. रिझर्व्ह बँक अशा खरेदीविक्रीत कोठेही नाही आणि तीसाठी कोणतेही शुल्क घेत नाही, असा खुलासा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये केला आहे.