केमिकल टाकलं, तरी सळई गंजते

ओझर परिसरात बांधकाम चाललेल्या घरी गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "स्लॅबमध्ये केमिकल टाकलंय, आता गंजाची चिंता नाही." हे साफ चूक आहे, आणि या भरवशावर लोक आयुष्याची कमाई लावतात, म्हणून जास्त खटकतं.

मुळात ते केमिकल बहुतेक वेळा वॉटरप्रूफिंगचं असतं. ते ओल कमी करतं. गंजरोधक रसायन वेगळं. कॅल्शियम नायट्राइट हे त्यातलं नेहमीचं. काँक्रीटचा सामू १२.५ च्या वर असतो, त्यामुळे सळईवर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर टिकून राहतो. मिठातलं क्लोराइड तो थर जागोजागी फोडतं, नायट्राइट सांधतं. पण सांधताना नायट्राइट खर्ची पडतं. क्लोराइड मात्र गंज घडवून पुन्हा मोकळं होतं. क्लोराइड वरचढ झालं की संरक्षण संपलं.

म्हणूनच संशोधक हळूहळू सुटणाऱ्या रसायनांच्या मागे आहेत. हायड्रोटाल्साइटसारख्या खनिजाच्या थरांमध्ये नायट्राइट साठवतात; क्लोराइड आलं की ते थरांत अडकतं आणि त्याच्या बदल्यात नायट्राइट बाहेर पडतं. कल्पना उत्तम आहे. तरी थरांतली जागा मर्यादितच, आणि हे काम अजून बहुतांशी प्रयोगशाळेत आहे.

"पण आपल्याकडे समुद्र कुठाय?" मीठ बोअरच्या पाण्यातूनही येतं. येडगाव धरणाचं पाणी जवळ असलं, तरी उन्हाळ्यात जे मिळेल ते पाणी मिक्सरमध्ये जातं. आयएस ४५६:२००० या भारतीय मानकानुसार सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतच क्लोराइड चालतं, आणि तयार काँक्रीटमध्ये सगळं मिळून घनमीटरला ०.६ किलो. आता हिशेब करा. घनमीटरला साधारण १८० लिटर पाणी लागतं. मचूळ पाण्यात लिटरला ३००० मिलिग्रॅम क्लोराइड असेल, तर ५४० ग्रॅम तिथंच भरलं; वाळू, खडी, सिमेंट अजून मोजायचंच आहे. बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यायला असा किती खर्च येतो?

खाऱ्या हवेत काय होतं ते गोव्यानं पाहिलंय. पणजीचा मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, जेमतेम पंधरा वर्षांचा असताना. आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या.

बाकीचे समज थोडक्यात. सिमेंट जास्त घातलं की झालं, असं नाही. पाणी-सिमेंटचं प्रमाण कमी हवं, आणि मिक्सरमध्ये वरून ओतलेली पाण्याची बादली तेच बिघडवते. फ्लाय ॲश किंवा स्लॅगचं सिमेंट हलकं, हेही खोटं: ते छिद्रं बारीक करतं, मात्र त्याला किमान १० दिवस पाणी मारावं लागतं. पोपडे निघाले की वरून प्लास्टर मारणं हा तर उपायच नव्हे, आत गंज फुगतच राहतो.

आणि कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर! सौम्य हवामानातल्या स्लॅबला खालून २० मिलिमीटर कव्हर लागतं. कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सरकवतात, ओतकामाच्या वेळी माणसं जाळीवरून चालतात, तुकडे निसटतात आणि सळई थेट शटरिंगच्या प्लेटला टेकते. अशा सळईला कुठलंही रसायन वाचवू शकत नाही. ओतकाम सुरू होण्याआधी स्वतः वाकून जाळीखाली बघा.