पांढरी वाढते, काळी थांबते
शहर आणि शिवार : लेखांक ५

वस्तीची जागा ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी, ही जोडी मराठीत जुनी आहे. गावठाण आणि शिवार यांच्यातले अंतर पायी जाण्याएवढे, खताची गाडी नेण्याएवढे असे. शहर वाढते तेव्हा पांढरी पुरासारखी पसरते आणि तिची कड पोचली की शेत बुडते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात शेत त्याच्या बरेच आधी थांबते. बांधकाम शेवटी येते.

योहान फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने १८२६ साली मांडले होते की दूध आणि भाजीपाला शहराच्या सर्वांत जवळ पिकतो, कारण नाशवंत माल लांबून आणणे परवडत नाही आणि खत शहरातच मिळते. पुण्याला हे लागू होते. हडपसर-मांजरीचे मळे शहराला भाजी देत आणि शहरातले सोनखत मुठेच्या कालव्याखालच्या उसाला जाई. मात्र १९६७ मध्ये रॉबर्ट सिंक्लेअर यांनी हा क्रम उलटा करून दाखवला: पसरणाऱ्या शहराला जितके जवळ, तितकी शेतीतली गुंतवणूक कमी. कारण साधे आहे. जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलला जाऊ लागला की विहीर खोल करणे किंवा पाच वर्षांनी फळ देणारी बाग लावणे कुणाला परवडत नाही. त्यात शेजारच्या एका प्लॉटिंगने चारी बुजते, वहिवाटीचा रस्ता अडतो आणि न विकलेली शेतेही अडचणीत येतात. म्हणजे नकाशावर जेवढे बांधकाम दिसते, त्याहून जास्त शेती गेलेली असते.

यावर पहिला आक्षेप असा की शेतकऱ्याला भाव मिळतो, मग तक्रार कसली? मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जवळपास ४०० एकर एकत्र करून स्वतःच नगर उभारले. हे उदाहरण मोलाचे आहे, पण ते उत्पन्न कुणाच्या हाती जाते याचे उत्तर देते. पीक कुठे जाते याचे नाही. शिवाय सलग जमीन आणि भाऊबंदांचे एकमत सगळीकडे नसते, आणि शेतमजुराच्या नावावर सातबारा नसतो. दुसरा आक्षेप असा की भाजी आता नारायणगावाहून ट्रकने येते, मग शेत जवळ हवे कशाला? पण शहर भाजी घेते तसे पाणीही घेते. खडकवासल्याचे पाणी शहर पिते आणि तेच पाणी प्रक्रिया करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून कालव्यात, पुढच्या शेतीसाठी सोडण्याची योजना करावी लागते. काळी-पांढरीचे नाते तुटलेले नाही, ते लांबले आहे. पूर्वी बांधावर मिटणारे प्रश्न आता पंपाच्या क्षमतेवर आणि करारांवर अवलंबून आहेत.

मग शहराने वाढूच नये का? तसे नाही. शेती मारते ती वाढीपेक्षा तिची अनिश्चितता. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. साहजिकच हद्दीबाहेरचा प्रत्येक शेतकरी पुढचा नंबर आपला असे धरून चालतो. शहर कुठे वाढणार याइतकेच, पुढची वीस-पंचवीस वर्षे कुठे वाढणार नाही हेही ठरले, आणि ले-आउट मंजूर करताना चारी व शेतरस्ता अबाधित राखला, तर बाग लावणाऱ्याचा हिशेब पुन्हा जुळू शकतो. हद्द झाडाच्या वयाइतकी तरी टिकली पाहिजे. ती टिकू न देणाऱ्या गुंठेवारीचा विचार पुढच्या लेखांकात.