आलेला विचार आणि ठेवून घेतलेला विचार

काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजातला एक विद्यार्थी तास संपल्यावर वर्गात मागे रेंगाळला. त्या दिवशी मी जॉन बन्यन शिकवीत होतो. सगळी मुले गेल्यावर तो म्हणाला, "सर, आमच्या मंडळीत प्रभुभोजन असतं त्या रविवारी मी हल्ली जातच नाही." का, म्हणून विचारले तर बराच वेळ बोलेना. मग कळले ते असे : प्रार्थनेला डोळे मिटले की प्रभूविषयी अत्यंत अभद्र शब्द त्याच्या मनात येत. तो ते दाबून टाकी आणि ते दुप्पट जोराने वर येत. ज्याच्या मनात असले काही येते तो ख्रिस्ताच्या मेजाशी बसायला लायक नाही, असा निकाल त्याने स्वतःच स्वतःविरुद्ध देऊन टाकला होता.

मुलगा वात्रट नव्हता. वात्रट मुलाला ही पीडा होतच नाही.

त्याच्या भीतीचे मूळ शोधू गेल्यास ते डोंगरावरील प्रवचनात सापडते. तेथे येशूने खुनाची वाट रागापर्यंत आणि व्यभिचाराची वाट नजरेपर्यंत मागे नेली आहे. त्यावरून पुष्कळ भाविक माणसे असा अर्थ काढतात की, विचार मनात आला की पाप घडलेच. पण या प्रवचनावर उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीनने इ. स. ३९४ च्या सुमारास जे विवरण लिहिले, त्यात त्याने एका बारीक गोष्टीकडे बोट दाखविले. येशू बोलतो आहे तो त्या हेतूने पाहणाऱ्याविषयी. ज्याच्या मनात इच्छा नुसती चाळवली त्याच्याविषयी नव्हे. ऑगस्टीनने पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : सूचना, तिची गोडी आणि तिला दिलेली संमती. सूचना बाहेरून येते, आठवणीतून येते, कुठूनही येते. संमती मात्र आपल्यावाचून कोणी देऊ शकत नाही.

याच सुमारास मिसर देशाच्या वाळवंटात ख्रिस्ती तपस्वी राहत असत. त्यांच्या दर्शनाला जॉन कॅसियन आणि त्याचा मित्र जर्मेनस असे दोघे गेले होते. स्केटी नावाच्या ठिकाणी ते अब्बा मोशे यांच्यापाशी बसले. (अब्बा म्हणजे बाप. आपल्या 'आबा'च्या किती जवळचा शब्द आहे पाहा!) जर्मेनसने विचारलेला प्रश्न आमच्या विद्यार्थ्याचाच होता : आम्हाला नको असताना, आम्हाला कळायच्या आत, हे विचार मनात शिरतात, त्याला काय करावे? म्हाताऱ्याने उत्तर दिले की, मनाकडे विचार येणारच नाहीत असे होणे नाही. आणि मग त्याने पाणचक्कीचा दाखला दिला.

औरंगाबादेची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा दाखला चटकन उमजेल. वरून पाण्याचा लोट पडतो आहे तोवर जाते फिरतच राहणार. ते थांबविणे चक्कीवाल्याच्या हाती नाही. त्यात गहू घालायचे, जव घालायचे की निकामी गवताचे बी घालायचे, एवढेच त्याच्या हाती. मन राखणे म्हणजे मन बंद पाडणे नव्हे, हे मला या दाखल्याने जितके पटले तितके दुसऱ्या कशाने पटले नाही.

या वाळवंटातला सर्वांत सूक्ष्म निरीक्षक म्हणजे इव्हाग्रियस. हा कॉन्स्टँटिनोपलमधला विद्वान धर्मसेवक. एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात गुंतत चाललेला पाहून तो तेथून निसटला, यरुशलेमेत राहिला आणि शेवटी मिसरच्या वाळवंटात येऊन ३९९ साली तेथेच वारला. म्हणजे मोहाविषयी तो लिहितो ते ऐकीव नाही. त्याने त्रास देणाऱ्या विचारांचे आठ प्रकार पाडले : खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, लौकिकाची हाव आणि गर्व. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने यांचीच फिरवाफिरव करून सात महापापांची यादी केली. मला स्वतःला जुनी यादी अधिक आवडते, कारण ती पापांची नसून विचारांची आहे. त्यातला कंटाळा तर पाहण्यासारखा. दुपारी ऊन हलता हलत नाही, साधू वारंवार खिडकीकडे बघतो, खोलीबाहेर येऊन जेवणवेळेला किती अवकाश आहे ते सूर्याकडे पाहून ठरवितो, कोणी भाऊबंद भेटायला येतो आहे का याची वाट पाहतो. दुपारच्या तासाला बसलेल्या कोणाही विद्यार्थ्याने, आणि खरे सांगायचे तर प्राध्यापकानेही, हे ओळखावे.

इव्हाग्रियस म्हणतो की, हे विचार येऊन त्रास देतील की नाही हे आपल्याकडे नाही. ते मुक्कामाला राहतील की नाही हे आपल्याकडे आहे. म्हणून मनाच्या दाराशी राखणदार होऊन बसावे आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारावे, तू आमच्यापैकी की शत्रूपैकी? यरीहोजवळ उपसलेली तरवार घेतलेला पुरुष दिसला तेव्हा यहोशवानेही असेच विचारले होते. पौलही करिंथच्या मंडळीला लिहिताना विचारांना कैद करून ख्रिस्ताच्या आज्ञेखाली आणण्याची भाषा करतो. कैद्याची आधी ओळख पटवावी लागते.

आता ही चौकशी कोणाची करायची? आम्ही ती नेमकी चुकीच्या माणसाची करतो. माझेच सांगतो. एका समितीच्या बैठकीत माझा अपमान झाला, निदान मला तसे वाटले. त्यानंतर जवळजवळ वर्षभर, रात्री प्रार्थना करून अंथरुणावर पडलो की, मी तेव्हा काय उत्तर द्यायला हवे होते ते मनात घोळवीत असे. दररोज त्यात एखादे चांगले वाक्य घालीत असे. त्यात एकही अभद्र शब्द नव्हता, भाषा निर्दोष होती. म्हणून हा विचार राखणदाराने हटकावा असे मला कधी वाटलेच नाही. इव्हाग्रियसने रागाविषयी लिहिले आहे की, तो ऐन प्रार्थनेच्या वेळी मनाला पकडतो आणि दुखावणाऱ्याचा चेहरा समोर धरतो. ते वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवले. त्या मुलाचा विचार त्याला नकोसा होता. माझ्या विचाराला मी बसायला पाट मांडला होता.

मग नकोशा विचाराशी झुंजावे काय? इव्हाग्रियसने जवळजवळ पाचशे विचारांची यादी करून प्रत्येकाला शास्त्रातले एकेक उत्तर जोडून दिले आहे. येशूने रानात सैतानाला शास्त्रवचनांनीच उत्तर दिले, तोच हा कित्ता. पण येशूची उत्तरे तीन, आणि तीही आटोपशीर. एदेन बागेत हव्वा सर्पाशी संभाषण करीत राहिली. फरक तिथे आहे. एक उत्तर देऊन दार लावायचे. तेच ते उत्तर शंभरदा द्यावे लागू लागले, की दार उघडेच आहे असे समजावे.

१९८७ मध्ये अमेरिकेत डॅनिएल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा, असे सांगितले. घंटी वाजतच राहिली. नंतर विचार करायची मोकळीक मिळाल्यावर तर, ज्यांना मनाई केली नव्हती त्यांच्यापेक्षाही या मुलांच्या मनात अस्वल अधिक आले.

बन्यनने हे स्वतः भोगले होते. फुटकी भांडी सांधणारा हा तरुण. ख्रिस्ताला विकून टाक, असा विचार त्याला वर्षभर छळीत होता. तो हातांनी, कोपरांनी ढकलल्यासारखे करून नाही म्हणे. जेवणावरून उठून प्रार्थनेला जाई. शेवटी एका सकाळी थकून त्याच्या मनातून 'जायचे तर जावो' असे निघून गेले, आणि पुढची दोनअडीच वर्षे आपला नाश झाला असे समजून त्याने काढली. हे सारे त्याने १६६६ साली लिहून ठेवले.

वाळवंटातल्या मंडळींनी एकट्याने झुंजण्यावर एक तोड काढली होती : विचार वडीलधाऱ्याला सांगणे. कॅसियनने सेरापियन नावाच्या साधूच्या बाळपणाची हकीकत दिली आहे. तो रोज जेवणानंतर एक रोटी अंगरख्यात लपवी आणि मागाहून चोरून खाई. खाताना सुख कमी, नंतरचे दुःख जास्त, तरी सुटेना. एके दिवशी त्याचे गुरू पाहुण्यांशी खादाडपणाविषयी आणि लपविलेल्या विचारांच्या जोराविषयी बोलत असता हा पोरगा रडू लागला आणि त्याने छातीशी दडविलेली रोटी सगळ्यांसमोर काढून ठेवली. त्यानंतर त्या मोहाने त्याला पुन्हा गाठले नाही.

आमच्या विद्यार्थ्याने वर्गात रोटीच काढून ठेवली होती, हे मला तेव्हा कळले नाही. त्याला मी त्याच्या पाळकसाहेबांना भेटायला सांगितले. आणि जेवणझोप उडाली तर डॉक्टरांना भेटायलाही संकोच करू नकोस म्हटले. मग कपाटातून 'यात्रेकऱ्याचा प्रवास' काढला. १६७८ चे हे बन्यनचे पुस्तक हरि केशवजींनी १८४१ मध्ये 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणले होते. त्यातला मृत्यूछायेच्या दरीचा भाग मी त्याच्यापुढे धरला. अंधारात एक दुष्ट आत्मा यात्रेकऱ्याच्या मागून हळूच येतो आणि त्याच्या कानात देवनिंदा कुजबुजतो. यात्रेकरूला वाटते, हे आपल्याच मनातून निघाले. साऱ्या वाटेत त्याला इतके दुःख दुसऱ्या कशाचे झाले नाही.

मुलाने ते पान उभ्यानेच दोनदा वाचले.

"म्हणजे हे बन्यनला तेव्हा ठाऊक नव्हतं?"

"नाही," मी म्हटले. "बरंच नंतर कळलं."

त्याने पुस्तक मागून नेले.