किलोभर उपग्रहाला कोण धरते?

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही अग्निबाणाने एकाच उड्डाणात वीस उपग्रह वर नेले. त्यांतला ‘कार्टोसॅट’ सव्वासातशे किलोंचा, तर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविलेला ‘स्वयं’ जेमतेम एक किलोचा. थेरगावच्या पंचक्रोशीत यंत्रावर हात चालविणारी मंडळी पुष्कळ. एवढीशी पेटी आकाशात टिकली कशी, असे त्यांना साहजिकच वाटेल. त्यातून, तिच्यात लोहचुंबक बसविला होता हे कळले, की पृथ्वीच्या चुंबकत्वानेच तिला धरले असावे असा समज होतो. तो खरा नव्हे.

धरले ते गुरुत्वाकर्षणाने. पाचशे किलोमीटर उंचीवरही ते शेकडा ८५ हून अधिक शिल्लक असते. तेव्हा ‘स्वयं’ सतत पडतच होता: सरळ रेषा सोडून सेकंदाला सुमारे ४.२ मीटर. पण त्याच सेकंदात तो ७.६ किलोमीटर पुढे जाई (डांगे चौकातून शिवाजीनगर, सरळ रेषेत, दोन सेकंदांच्या आत!), आणि तेवढ्या अंतरात पृथ्वीची गोलाईही तितकीच खाली वळते. जमीन जवळ येणार कशी? या हिशेबात वजन कोठेच येत नाही. जड वस्तूला ओढ अधिक, पण तिला वळविणेही तितकेच अवघड.

मग लोहचुंबक दुबळा का? छे! इवलासा लोहचुंबक साऱ्या पृथ्वीच्या ओढीला न जुमानता टाचणी उचलतो. परंतु त्याला ध्रुव दोन. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र एकाला जितके ओढते, तितकेच दुसऱ्याला उलट ढकलते. ओढ फिटते, पीळ तेवढा उरतो. होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते. डबी घेऊन उत्तरेस धावत नाही.

‘स्वयं’ला हा पीळच हवा होता. अँटेना भलतीकडे वळली तर संदेश पोहोचणार कसा? आणि किलोभर पेटीला पेटी वळविण्यापुरती वीजही जड. लोहचुंबक ते काम फुकट करतो. मात्र पेटी सुईसारखी डोलत राहते, आणि तिथे टेकूचे घर्षणही नाही. म्हणून खास मिश्रधातूच्या कांड्या बसविल्या होत्या. डोलताना त्यांतले चुंबकत्व उलटसुलट होते, त्यात ऊर्जेची उष्णता होते, आणि डोलणे हळूहळू निवते.

कक्षा ध्रुवांजवळून जाणारी असल्याने क्षेत्ररेषांची दिशा वाटेत पालटत जाते. तिच्या मागोमाग वळणाऱ्या पेटीला सुमारे ९५ मिनिटांच्या एका फेरीत स्वतःभोवती जवळजवळ दोन कोलांट्या घ्याव्या लागतात.