तेल विकत मिळतं, मग लढाई कशाला?

आखातातली बातमी आली की वर्गात एक प्रश्न हमखास येतो, "सर, तेल पाहिजे तर पैसे देऊन घ्यावं. बॉम्ब कशाला टाकायचे?" प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधायला आपल्या सातारा जिल्ह्यातूनच सुरुवात करू या.

१९०८ साली इराणात मस्जिद-ए-सुलेमान इथं तेल लागलं. तेव्हा ब्रिटिश आरमार कोळसा सोडून तेलाकडे वळत होतं. ब्रिटनकडे कोळसा भरपूर, तेल मात्र नाही. म्हणून १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर स्वतःच घेतले. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. तुर्कस्तान विरोधात जाताच नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश फौजेने बसरा घेतलं. जवळच्या अबादानची तेल रिफायनरी सांभाळणं हा त्यातला एक मोठा हेतू होता.

ही फौज कुठली? सहावी पूना डिव्हिजन. तिच्या ब्रिगेडची नावं अहमदनगर आणि बेळगाव! मराठा पलटणींत मराठ्यांसोबत दख्खनी मुसलमानही होते. समोर खलिफाचं सैन्य. त्यांच्या मनाचं काय झालं असेल? कूत-अल-अमारा इथं ही फौज वेढ्यात अडकली. उपासमार झाली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार जण शरण गेले, कित्येक कैदेतच मेले. आपल्या अपशिंगे गावाने त्या महायुद्धात वेगवेगळ्या आघाड्यांवर ४६ जवान गमावले.

आता मूळ प्रश्न. विकत घेणाऱ्याला भाव आणि पुरवठा दुसऱ्याच्या मर्जीवर सोडावा लागतो. बलाढ्य देशांना नळाची चावीच हातात हवी असते, आणि ती शत्रूकडे जायला नको असते. १९५१ मध्ये मोसद्दिक यांनी इराणचं तेल राष्ट्राच्या मालकीचं केलं. १९५३ मध्ये अमेरिका-ब्रिटनने त्यांचं सरकार उलथवलं. तिथं सैन्य उतरवायचीही गरज पडली नाही.

प्रत्येक युद्ध तेलासाठीच होतं, असं मात्र नाही. सीमा, सत्ता, जुनी वैरं हीसुद्धा कारणं असतात. पण युद्धासाठी सांगितलेलं कारण तपासून घ्यावं. २००३ मध्ये इराकवर हल्ला करताना महासंहारक शस्त्रांचं कारण दिलं. ती शस्त्रं सापडलीच नाहीत.

मुलांना मी एवढंच सांगतो : बातमी वाचताना नकाशा उघडा. तेल कुठं आहे, ते कुठल्या समुद्रातून जातं आणि लढायला कुणाची मुलं पाठवली आहेत, ते बघा. शंभर वर्षांपूर्वी ती आपली होती.