चालत्या संगणकाचा गाभा बदलताना



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना प्रथम अभिवादन करतो. संगणकशास्त्रातील एखादा प्रश्न सर्वांना समजेल अशा मराठीत मांडावा, अशी संस्थेची सूचना होती. तिला अनुसरून मी निवडलेला प्रश्न असा : संगणक चालू असताना, त्यावरची कामे न मोडता, त्याचा गाभा कसा बदलायचा? विषय वरवर पाहता फार तांत्रिक वाटेल. परंतु ज्या शहरात माग रात्रंदिवस चालतात आणि दिवाळीला चोपडीपूजन करून नवे हिशेब उघडले जातात, त्या सुरतेतील श्रोत्यांना तो परका वाटू नये.

गाभा आणि त्याची अवस्था

आपण संगणकावर पत्र लिहितो, हिशेब करतो, तिकीट काढतो. या सर्व आज्ञावलींच्या खाली एक आज्ञावली अखंड चालू असते. तिला 'कर्नल' म्हणतात. आपण तिला 'गाभा' म्हणू. कोणत्या कामाला प्रक्रियक किती काळ द्यायचा, स्मृतीचा कोणता भाग कोणाच्या ताब्यात आहे, कोणती फाइल कोणी उघडली आहे, जाळ्यावरून आलेला संदेश कोणाच्या हाती द्यायचा, हे सारे गाभा ठरवतो. आज जगातील मोठ्या संगणककेंद्रांत प्रामुख्याने 'लिनक्स' या प्रणालीचा गाभा चालतो. म्हणून उदाहरणे तिचीच घेतो.

गाभ्याचे दोन भाग मनात वेगळे ठेवावेत. पहिला भाग म्हणजे त्याचे निर्देश. ते आज्ञावलीकारांनी लिहिलेले असतात आणि सर्व यंत्रांवर सारखेच असतात. दुसरा भाग म्हणजे त्या विशिष्ट यंत्रावर, त्या विशिष्ट क्षणी साठलेल्या नोंदी. या नोंदींना 'अवस्था' म्हणतात. स्मृतीची विभागणी साधारणतः ४०९६ बाइटांच्या पानांत केलेली असते. ६४ गिगाबाइट स्मृती असलेल्या यंत्रात अशी सुमारे १ कोटी ६८ लाख पाने होतात आणि प्रत्येक पान कोणाचे, याची नोंद गाभा ठेवतो. जाळ्यावरच्या प्रत्येक जोडणीत पुढचा अपेक्षित क्रमांक कोणता, हेही त्याच्याच नोंदीत असते. तो क्रमांक हरवला, की पलीकडच्या यंत्राशी चाललेला संवाद तुटतो.

निर्देश पुन्हा तबकडीवरून आणता येतात. अवस्था कोठूनच आणता येत नाही. यंत्र पुन्हा सुरू केले की नवा गाभा सारी स्मृती मोकळी समजून कामाला लागतो आणि चालू असलेले प्रत्येक काम पहिल्यापासून सुरू करावे लागते.

थांबण्याची किंमत, न थांबण्याची किंमत

यंत्र रात्री थोडा वेळ बंद ठेवले तर काय बिघडते, असे कोणी विचारील. घरच्या संगणकाचे काही बिघडत नाही. पण मोठ्या केंद्रात एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांचे 'आभासी संगणक' चालत असतात. एखाद्यावर बँकेचे व्यवहार, एखाद्यावर रुग्णालयाच्या नोंदी, एखाद्यावर दुकानाची विक्री. शिवाय भरपूर स्मृती असलेले यंत्र स्वतःची तपासणी करून पुन्हा उभे राहायलाच कित्येक मिनिटे घेते.

म्हणून दुरुस्ती लांबणीवर पडते, आणि धोका तेथेच दडलेला आहे. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध केली. दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, त्याच दोषातून 'वॉनाक्राय' नावाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला आणि इंग्लंडमधील कित्येक रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले. औषध उपलब्ध होते. ते घेतलेले नव्हते. त्याला कारणे अनेक होती, पण दुरुस्ती करायची तर काम थांबवावे लागते, ही भीती अशा दिरंगाईच्या मुळाशी नेहमी असते. उलट बाजूचे उदाहरण सप्टेंबर २०१४ चे. आभासी संगणक चालवणाऱ्या 'झेन' या आज्ञावलीत दोष सापडला, आणि ॲमेझॉनला आपल्या भाड्याच्या ताफ्यातील दहा टक्क्यांहून कमी यंत्रे पुन्हा सुरू करावी लागली. ग्राहकांना त्याची पूर्वसूचना द्यावी लागली.

हा पेच जुना आहे. १९६५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या बेल कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक टेलिफोन केंद्रापुढे चाळीस वर्षांत दोन तासांहून अधिक बंद पडायचे नाही, असे उद्दिष्ट होते. त्यासाठी प्रक्रियकांची जोडी ठेवली होती. एक अडखळला तर दुसरा काम चालवी. पण प्रत्येक यंत्राला जोडीदार देणे सर्वांना परवडणारे नसते. मग एकाच यंत्रात बदल कसा घडवायचा?

मागावरची गाठ

पहिला मार्ग समजण्यासाठी मागाकडे वळू. ताण्याचा बीम संपत आला की नवा बीम चढवतात. ताण्यात हजारो धागे असतात आणि त्यांतला प्रत्येक धागा वहीच्या डोळ्यातून व फणीच्या दातातून ठरलेल्या क्रमाने ओवलेला असतो. इचलकरंजीकडे या कामालाच वहिफणी म्हणतात. ते वेळखाऊ आणि डोळ्यांची परीक्षा पाहणारे काम आहे. तेच कापड पुढे विणायचे असेल, तर कारागीर ओवणी मोडत नाही. तो जुन्या धाग्याच्या टोकाला नव्या धाग्याचे टोक गाठ मारून जोडतो आणि जुना धागा नव्याला आपल्यामागून ओढून नेतो. परंतु कापडाची जात बदलायची असेल, धाग्यांची संख्या किंवा ओवणीचा क्रम बदलायचा असेल, तर गाठ मारून भागत नाही. तेथे सगळी ओवणी नव्यानेच करावी लागते.

गाभ्याची 'चालू डागडुजी' नेमकी अशी आहे. एमआयटीमधील जेफ अरनॉल्ड आणि फ्रान्स काशूक यांनी २००९ साली 'केस्प्लाइस' या पद्धतीवरील निबंध सादर केला. सदोष निर्देशसमूह जागेवरच राहतो. त्याच्या दारात 'पुढच्या घरी जा' अशी पाटी लावली जाते आणि येणारे प्रत्येक काम दुरुस्त निर्देशांकडे वळते. मे २००५ ते मे २००८ या काळातील ६४ महत्त्वाच्या सुरक्षा-दुरुस्त्या त्यांनी तपासल्या. त्यांतील ५६ दुरुस्त्या या रीतीने, नवे काही न लिहिता, लावता आल्या. उरलेल्यांसाठी सरासरी सुमारे १७ ओळी अधिक लिहाव्या लागल्या.

एक अडचण मात्र राहते : पाटी लावताना जुन्या घरात कोणी असेल तर? २०१४ साली दोन कंपन्यांनी दोन उत्तरे दिली. रेड हॅटच्या 'केपॅच'ने सर्व प्रक्रियक क्षणभर थांबवून जुन्या निर्देशांत कोणी अडकलेले नाही, याची खात्री करून घेतली. सुसेच्या 'केग्राफ्ट'ने प्रत्येक कामाला, ते गाभ्याच्या उंबरठ्यावर येईल तेव्हा, एकेक करून नव्या बाजूला नेले. दोहोंचा सामाईक पाया २०१५ च्या एप्रिलमध्ये लिनक्स ४.० मध्ये आला आणि २०१७ मध्ये ४.१२ या आवृत्तीत दोन्ही विचारांचा मेळ घातला गेला.

या मार्गाची मर्यादा मागावरच्या गाठीचीच आहे. निर्देश बदलले पण नोंदींचा आकार तोच राहिला, तर गाठ बसते. नोंदींचा आकारच बदलला, तर स्मृतीत आधीपासून पसरलेल्या लक्षावधी नोंदी जुन्या वळणाच्या राहतात आणि नवे निर्देश त्या चुकीच्या वाचतात. संपूर्ण नवी आवृत्ती आणायला हा मार्ग पुरत नाही.

वखार आणि चोपडी

दुसरा मार्ग पेढीचा. दिवाळीला व्यापारी नवी चोपडी उघडतो. वर्षभराची प्रत्येक नोंद तो तीत उतरवून घेत नाही. प्रत्येक खात्याची शिल्लक तेवढी पुढे ओढतो. वखारीतला माल मात्र जागचा हलत नाही. बदलते ती चोपडी. आता कल्पना करा, की नवा मुनीम आला आणि जुन्या चोपडीतली शिल्लक त्याला कोणी दिलीच नाही. त्याच्या लेखी वखार रिकामी आहे. तो असलेल्या मालावरच नवा माल रचू लागेल.

आभासी संगणकांची स्मृती हा वखारीतला माल आहे. गाभ्याच्या नोंदी ही चोपडी आहे.

ऑगस्ट २००५ मधील लिनक्स २.६.१३ मध्ये 'केएक्झेक' ही सोय आली. तिच्यामुळे चालता गाभा यंत्राची प्राथमिक तपासणी टाळून थेट दुसऱ्या गाभ्याच्या हाती कारभार देऊ शकतो. कारभार हस्तांतरित झाला, पण शिल्लक पुढे ओढली जात नव्हती. ती उणीव भरून काढणारी 'केएक्झेक हँडओव्हर' ही यंत्रणा २०२५ च्या जुलैमध्ये, लिनक्स ६.१६ मध्ये, समाविष्ट झाली. तिच्या पाठोपाठ ६.१९ मध्ये अशा बदलाच्या सर्व पायऱ्यांचे सूत्रसंचालन करणारा भागही आला.

तिची रीत अशी. जाणारा गाभा कोणती पाने राखायची आहेत, याची एक यादी ठरलेल्या साच्यात लिहितो. पाने जागीच राहतात. येणारा गाभा उभा राहत असताना त्याला स्वतःसाठी स्मृती लागतेच. त्यासाठी पहिल्या आरंभापासूनच एक जागा राखून ठेवलेली असते. यादी वाचून होईपर्यंत नव्या गाभ्याने त्या जागेबाहेर पाऊल टाकायचे नाही. यादी वाचली, राखीव पानांवर मालकीच्या खुणा केल्या, की मग उरलेली वखार त्याला खुली होते. आभासी संगणक तेवढा काळ थबकतात आणि पुढे चालू लागतात.

काय राखायचे?

येथे कोणालाही वाटेल, की मग सर्वच नोंदी का राखू नयेत? याचे उत्तर या विषयाचे मर्म आहे. जुन्या गाभ्याच्या अंतर्गत नोंदी जशाच्या तशा दिल्या, तर नव्या गाभ्याला कायम जुन्याच वळणाने लिहावे लागेल आणि बदलाचा हेतूच फसेल. म्हणून अंतर्गत मांडणी द्यायची नाही. तिचा अर्थ तेवढा द्यायचा. प्रत्येक यादीच्या माथ्यावर तिच्या साच्याचे नाव व आवृत्ती लिहिलेली असते. नव्या गाभ्याला तो साचा ओळखीचा नसेल, तर तर्काने वाचण्यापेक्षा न स्वीकारणेच इष्ट.

दुसरे असे, की पुन्हा आरंभ करणे हा एक प्रकारचा शुद्धिसंस्कारही असतो. साठलेल्या चुका त्यात वाहून जातात. जे आपण राखतो, त्यातला दोषही राखला जातो. या ठिकाणी 'केडंप'चे उदाहरण बोलके आहे. विवेक गोयल, एरिक बिडरमन आणि हरिप्रसाद नेल्लिथीर्थ यांनी २००५ साली त्यावर निबंध लिहिला; त्यांपैकी गोयल आयबीएमच्या भारतातील शाखेत काम करत. गाभा कोसळला, की राखीव जागेतला दुसरा गाभा जागा होतो आणि कोसळलेल्याची स्मृती तपासणीसाठी नोंदवून ठेवतो. पण त्यातल्या कशावरही विसंबून कारभार पुढे चालवत नाही. मरणोत्तर पंचनामा वेगळा आणि जिवंतपणी दिलेला वारसा वेगळा.

तिसरी अडचण उपकरणांची. जाळ्याचे कार्ड प्रक्रियकाला न विचारता थेट स्मृतीत लिहू शकते. गाभा बदलत असतानाही त्याचे लिहिणे चालूच राहिले आणि ते कोठे लिहायचे हे सांगणारा नकाशा हरवला, तर ते भलत्याच पानावर लिहील. म्हणून अशा उपकरणांची अवस्था राखणे हा या कामाचा सर्वांत अवघड भाग आहे.

मित्रहो, या साऱ्यातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. सातत्य टिकते ते काहीच न बदलल्याने नव्हे, आणि सगळेच जपून ठेवल्यानेही नव्हे. काय टिकले पाहिजे हे कारभार हाती असतानाच ठरवावे लागते आणि येणाऱ्याला वाचता येईल अशा साच्यात लिहून ठेवावे लागते. ते करण्याची वेळ बदलाच्या क्षणी नसते. फार आधी असते. आपल्यापैकी जे पेढी, कारखाना, रुग्णालय वा कार्यालय सांभाळतात, त्यांनी आपल्या यंत्रांबाबत दोन प्रश्न जरूर विचारावेत : शेवटची दुरुस्ती कधी लावली, आणि ती लावताना काय हरवू शकते, याची यादी कोणाकडे आहे? दुसऱ्याचे उत्तर हाताशी असेल, तर पहिल्याचे उत्तर देताना मान खाली घालावी लागणार नाही.